कंबरदुखीवर करंट : दोन हजार वर्षांची गोष्ट

‘मणक्यात गॅप आलाय’, ‘गादी सरकलीय’, ‘नस दबलीय’. आपल्याकडे कंबरदुखीची चर्चा या तीन वाक्यांतच होते. उसाच्या फडात मोळ्या वाहणारा असो, पंचवीस वर्षं एसटीचं स्टिअरिंग धरलेला ड्रायव्हर असो, की दिवसभर शिलाई मशीनवर बसणारी ताई असो. आधी बाम, मग शेक, पट्टा, कुणीतरी सांगितलेला मणके बसवणारा, गोळ्या, एमआरआय आणि शेवटी ऑपरेशन. ऑपरेशन होऊनही ज्यांचं दुखणं थांबत नाही, त्यांच्या कानावर आता मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलांमधून एक नवीन गोष्ट येऊ लागली आहे : पाठीत बसवायचं यंत्र. कुणी त्याला ‘मणक्याचा पेसमेकर’ म्हणतं, कुणी नुसतंच ‘करंटची मशीन’. कागदावरचं नाव स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर. खर्च काही लाखांत.

हे यंत्र बसवावं की बसवू नये, हे सांगायला मी डॉक्टर नाही. पण लाखांचा आकडा ऐकून शेताचा तुकडा विकायला निघालेल्या घराला त्या यंत्रामागची कहाणी तरी माहीत असावी, एवढंच वाटतं. ती रंजक आहे आणि डोळे उघडणारीही. तिचं सार आधीच सांगतो : या विषयात यंत्र नेहमी आधी आलं आणि पुरावा मागून. कधी कधी तर पन्नास वर्षं मागून.

सुरुवात होते एका माशापासून. इसवी सन ४७ च्या सुमारास, रोमन सम्राट क्लॉडियसच्या काळात स्क्रिबोनियस लार्गस नावाचा वैद्य होता. त्याने औषधांचा एक ग्रंथ लिहिला. त्यात संधिवातासारख्या पायाच्या दुखण्यावर (ज्याला आज गाउट म्हणतात) उपाय दिलाय : समुद्रकिनारी ओल्या वाळूवर उभं राहायचं, पायाखाली झटका देणारा जिवंत मासा ठेवायचा आणि पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईस्तोवर हलायचं नाही. डोकेदुखी असेल तर तोच मासा कपाळावर. वीज म्हणजे काय हे त्या काळात कुणालाच माहीत नव्हतं. पण झटका बसला की दुखणं थोडा वेळ दबतं, हे अनुभवाने कळलं होतं.

पुढची उडी सतराशे वर्षांची. १७४५-४६ च्या सुमारास युरोपात वीज बाटलीत साठवता यायला लागली आणि लगोलग ती रोग्यांना द्यायला सुरुवात झाली. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन (तोच, पतंगाच्या प्रयोगाचा) याच्याकडे लकवा मारलेले लोक दुरून यायचे. तो त्यांना विजेचे झटके द्यायचा. १७५७ च्या डिसेंबरमध्ये त्याने लंडनच्या एका डॉक्टर मित्राला पत्र लिहून जे पाहिलं ते प्रामाणिकपणे कळवलं. पहिले काही दिवस हात-पाय थोडे हलू लागतात, माणसाला उमेद येते, मग सुधारणा थांबते आणि शेवटी माणूस होता तिथेच येतो. आणि पुढे त्याने एक शंका नोंदवली : जो तात्पुरता फरक दिसला तो विजेमुळे, की रोज चालत माझ्या घरी येण्याच्या व्यायामामुळे, की आपण बरे होणार या आशेमुळे, हे मी सांगू शकत नाही.

फ्रँकलिनची ही शंका लक्षात ठेवा. शेवटी पुन्हा तिच्याकडेच यायचंय.

शंका कुणाला नको असते, धंदा सगळ्यांना हवा असतो. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत विजेचे पट्टे, विजेच्या साखळ्या यांचा बाजार फुलला. कंबरदुखी, अपचन, मर्दानी कमजोरी, सगळ्यावर एकच पट्टा. आज एसटी स्टँडच्या भिंतीवर ज्या जाहिराती दिसतात, त्यांचे हे विलायती पूर्वज. १९१९ साली अमेरिकेत ‘इलेक्ट्रीट’ नावाच्या हातात धरायच्या बॅटरीवरच्या यंत्राचं पेटंट निघालं आणि तेही घरोघर विकलं गेलं. डॉक्टर मंडळी या सगळ्याला भोंदूगिरी म्हणायची. तेही बव्हंशी बरोबरच होतं, कारण वीज दिल्याने वेदना का कमी व्हावी याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

ते उत्तर आलं १९६५ साली.

तोपर्यंत वेदनेबद्दलची समजूत फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या काळापासून चालत आलेली होती. पायाला विस्तव लागला की एक दोरी ओढली जाते आणि मेंदूत घंटा वाजते. जेवढी जखम तेवढी वेदना. पण मग लढाईत हात तुटलेल्या सैनिकाला तासभर काही जाणवत नाही आणि कापून टाकलेला पाय वर्षानुवर्षं ‘दुखतो’, याचा अर्थ कसा लावायचा? मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक आणि मज्जासंस्थेचा अभ्यासक पॅट्रिक वॉल या दोघांनी ‘सायन्स’ या साप्ताहिकात नोव्हेंबर १९६५ मध्ये एक लेख लिहिला. त्याला पुढे ‘गेट कंट्रोल थिअरी’ म्हणजे फाटकाचा सिद्धांत असं नाव पडलं.

रेल्वे फाटकावर थांबलेल्या माणसाला हा सिद्धांत लगेच कळेल. शरीरातून येणाऱ्या नसांमध्ये दोन प्रकारचे धागे असतात. जाड धागे स्पर्श, दाब, कंप यांच्या बातम्या वेगाने नेतात. बारीक धागे दीर्घ, ठणकणाऱ्या वेदनेची बातमी सावकाश नेतात. दोघांनाही मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत एका फाटकातून जावं लागतं. जाड धाग्यांची वर्दळ वाढली की फाटक बारीक धाग्यांसाठी अर्धवट बंद होतं. शिवाय मेंदूही वरून हुकूम पाठवून फाटक उघडू किंवा लावू शकतो. म्हणून तर गुडघा टेबलाला आपटला की आपण नकळत तो चोळतो. म्हणून आजी ‘चोळ, चोळ’ म्हणायची. त्या सिद्धांतातले काही तपशील पुढे चुकीचे ठरले, पण वेदना ही नुसती घंटा नाही, ती वाटेत कमी-जास्त होते, हा मुख्य मुद्दा टिकला.

दोन वर्षांनी वॉल आणि विल्यम स्वीट या न्यूरोसर्जनने नसांना वीज देऊन वेदना तात्पुरती थांबवता येते हे दाखवलं. त्यासाठी त्यांनी आधी स्वतःच्या चेहऱ्याच्या नसांमध्ये सुया खुपसून घेतल्या होत्या. त्याच वर्षी, म्हणजे १९६७ मध्ये, अमेरिकेत नॉर्मन शीली नावाच्या न्यूरोसर्जनने पुढची पायरी गाठली. त्यांचा विचार सरळ होता : जाड धागे मज्जारज्जूच्या मागच्या बाजूला एकत्र जुडीने वर जातात. मग एकेका नसेला वीज देण्यापेक्षा त्या जुडीलाच दिली तर? मांजरांवर प्रयोग झाले. थॉमस मॉर्टिमर या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने त्यासाठी इलेक्ट्रोड तयार केला. आणि मार्च १९६७ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने असह्य वेदनेत असलेल्या सत्तर वर्षांच्या एका माणसाच्या मज्जारज्जूवर तो बसवला गेला. वेदना कमी झाली. तो माणूस मात्र त्यानंतर फार जगला नाही, दुखणी आधीच फार होती. एका रुग्णावरचा हा प्राथमिक अहवाल त्याच वर्षी छापून आला.

यंत्र आलं कुठून? हृदयाकडून. १९४९ साली अमेरिकेतल्या मिनिआपोलिसमध्ये अर्ल बॅकेन आणि त्याचा मेहुणा पामर हर्मन्सली यांनी एका गॅरेजमध्ये हॉस्पिटलची उपकरणं दुरुस्त करायचं दुकान टाकलं होतं. नाव मेडट्रॉनिक. ऑक्टोबर १९५७ च्या अखेरीस त्या शहरात मोठा वीजपुरवठा खंडित झाला. त्या काळचे पेसमेकर भिंतीतल्या प्लगवर चालायचे. लोडशेडिंग भोगलेल्या आपल्या पिढीला त्या वॉर्डमधली धास्ती वेगळी सांगायला नको. हृदयशस्त्रक्रियेच्या डॉक्टर लिलेहाय यांनी बॅकेनला बॅटरीवर चालणारं काहीतरी करायला सांगितलं. त्याने संगीतातला ताल धरणाऱ्या मेट्रोनोमच्या सर्किटवरून काही आठवड्यांत खिशाएवढा पेसमेकर बनवला. पुढे याच घराण्यातल्या यंत्रांत फेरफार करून शीलींनी आपला वेदनेचा स्टिम्युलेटर उभा केला. ‘मणक्याचा पेसमेकर’ हे आपल्याकडचं नाव म्हणूनच अगदी चपखल आहे.

पण पेसमेकर आणि या यंत्रात एक मोठा फरक आहे. पेसमेकर चालतो की नाही ते ईसीजीच्या कागदावर दिसतं. वेदना कागदावर दिसत नाही. ‘किती कमी झालं?’ या प्रश्नाचं उत्तर फक्त रुग्ण देतो. आणि त्या उत्तरात फ्रँकलिनची ती आशा मिसळलेली असते.

१९७० च्या दशकात अमेरिकेत ही यंत्रं भराभर बसवली गेली. तेव्हा पाठ उघडून, मणक्याचं हाड काढून इलेक्ट्रोड बसवावा लागायचा आणि वीज बाहेरून, त्वचेवर धरलेल्या अँटेनातून द्यावी लागायची. तारा तुटायच्या, सरकायच्या, जंतुसंसर्ग व्हायचा. कुणाला बसवायचं आणि कुणाला नाही, याचं भान सुटलं. खुद्द शीलींनी याच दशकात हे काम सोडलं. त्यांनी शस्त्रक्रियेऐवजी व्यायाम, शिथिलीकरण, मनाची तयारी यांवर भर देणारं वेदनेचं केंद्र चालवलं. पुढे ते पर्यायी उपचारांकडे इतके झुकले की तिथे विज्ञान त्यांच्यासोबत गेलं नाही. पण ज्याने यंत्र आणलं तोच त्यातून लवकर बाहेर पडला, ही नोंद महत्त्वाची आहे.

या गोष्टीचा एक फाटा थेट आपल्या तालुक्यात येतो. शीली ऑपरेशनआधी रुग्णाला त्वचेवरून वीज देऊन पाहायचे, म्हणजे ती झिणझिणी त्याला सहन होते का ते कळायचं. काहींना तेवढ्यानेच आराम पडला. त्यातून वेगळं यंत्र उभं राहिलं : टेन्स. आपल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात पाठीला चिकटपट्ट्या लावून जो ‘करंट’ देतात, तो बहुतेक वेळा हाच. म्हणजे लाखांचं यंत्र आणि दोनशे-तीनशे रुपयांचं सीटिंग हे चुलतभाऊ आहेत.

या धाकट्या भावाची परीक्षा १९९० मध्ये झाली. जुन्या कंबरदुखीच्या १४५ रुग्णांवर अमेरिकेत अभ्यास झाला. काहींना खरं टेन्स दिलं, काहींना वीज नसलेलं खोटं. फरक पडला नाही. ज्यांनी व्यायाम केला त्यांना मात्र फायदा झाला. आणि पुढचं वाचून हसू येईल : दोन महिन्यांत बहुतेकांनी व्यायाम सोडला आणि फायदाही गेला. माणूस सगळीकडे सारखाच.

मोठ्या भावाची अशी परीक्षा मात्र होत नव्हती, आणि त्याला कारण होतं. जुन्या पद्धतीच्या यंत्राने दुखऱ्या जागी झिणझिण्या येतात. त्यामुळे यंत्र चालू आहे की बंद, हे रुग्णाला लगेच कळतं. खोटं यंत्र देऊन तुलना करायची कशी?

दरम्यान यंत्र सुधारत गेलं. मोठं ऑपरेशन न करता जाड सुईतून तार आत सरकवता येऊ लागली. १९८० च्या दशकात बॅटरीसकट सगळं शरीरात बसवता आलं. २००४ मध्ये बाहेरून चार्ज होणारी बॅटरी अमेरिकेत मंजूर झाली. २००७ मध्ये कॅनडातले न्यूरोसर्जन कृष्ण कुमार आणि सहकाऱ्यांचा १०० रुग्णांचा अभ्यास छापून आला. मणक्याच्या ऑपरेशननंतरही पायात उतरणारी कळ न थांबलेले हे रुग्ण. सहा महिन्यांनी, यंत्र बसवलेल्यांपैकी ४८ टक्क्यांची पायाची वेदना निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाली. नुसत्या औषधोपचारावर असलेल्यांत हे प्रमाण ९ टक्के. वर्षभरात यंत्र बसवलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना यंत्राशी संबंधित काही ना काही त्रासही झाला. २००८ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेने नसांच्या वेदनेसाठी यंत्राला मान्यता दिली. अट अशी की दुखणं किमान सहा महिन्यांचं हवं, इतर उपचार करून झालेले हवेत आणि आधी तात्पुरती चाचणी यशस्वी व्हायला हवी.

इथे एक बारीक गोष्ट पाहा. हा फायदा पायात उतरणाऱ्या नसेच्या वेदनेवर मोजला गेला होता, साध्या कंबरदुखीवर नाही. पण बाजारात दोन्ही एकच होऊन गेलं.

मग २०१० नंतर झिणझिण्या न येणारी यंत्रं आली. २०१५ मध्ये सेकंदाला दहा हजार ठोके देणाऱ्या यंत्राला अमेरिकेत मंजुरी मिळाली. कंपनीच्या पैशाने झालेल्या १९८ जणांच्या अभ्यासात ते जुन्या यंत्राच्या जवळपास दुप्पट लोकांना लागू पडलं. पण तुलना दोन यंत्रांत होती. काहीच न देण्याशी नव्हती. गंमत अशी की झिणझिण्या गेल्या आणि ती जुनी अडचणही गेली. आता खोटं-खरं करून पाहता येणार होतं.

ते केलं नॉर्वेच्या ट्रॉनहाइम शहरातल्या डॉक्टरांनी. ऑपरेशननंतरही पायाची वेदना राहिलेल्या ५० रुग्णांना त्यांनी यंत्र बसवलं. वर्षभरात तीन-तीन महिन्यांचे चार टप्पे केले. दोन टप्पे यंत्र चालू, दोन टप्पे बंद. कोणता कधी, हे रुग्णाला माहीत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये निकाल ‘जामा’ या वैद्यकीय साप्ताहिकात आला. रोजची कामं करताना होणारा त्रास शंभरच्या मोजपट्टीवर यंत्र चालू असताना १०.६ गुणांनी कमी झाला होता. आणि यंत्र बंद असताना? ९.३ गुणांनी.

म्हणजे लोकांना बरं वाटलं होतं, ते खरंच होतं. पण विजेचा वाटा त्यात नगण्य निघाला. फ्रँकलिनने १७५७ मध्ये जी शंका पत्रात लिहिली, ती तपासायला २०२२ उजाडलं. शीलींच्या पहिल्या ऑपरेशनपासून मोजलं तरी ५५ वर्षं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. अनेक वेदनातज्ज्ञांनी या अभ्यासावर आक्षेप घेतले : वापरलेली ठोक्यांची पद्धत नेहमीची नव्हती, एकाच प्रकारचं यंत्र तपासलं, ५० ही संख्या लहान आहे. आक्षेप दखल घेण्यासारखे आहेत. पण २०२३ मध्ये कोक्रेन या संस्थेने १३ अभ्यास, ६९९ रुग्ण एकत्र तपासले आणि कंबरदुखीसाठी हे यंत्र संशोधनाबाहेर वापरायला उपलब्ध पुरावा आधार देत नाही, असा निष्कर्ष काढला. त्यात दीर्घकाळाचा पुरावा तर जवळपास नव्हताच.

आता धोक्याचा हिशेब. अमेरिकेच्या एफडीएकडे २०१६ ते जुलै २०२० या काळात या यंत्रांबद्दल १,०७,७२८ तक्रार-अहवाल आले. त्यातले ७७,९३७ रुग्णाला इजा झाल्याचे. अहवाल आला म्हणजे दोष यंत्राचाच, असं सिद्ध होत नाही. तरीही सप्टेंबर २०२० मध्ये एफडीएने डॉक्टरांना पत्र लिहून बजावलं : कायमचं यंत्र बसवण्याआधी तात्पुरती चाचणी घ्या.

आपल्याकडे? शरीरात बसवलेल्या वस्तूंच्या त्रासाची नोंद ठेवणारा ‘मटेरिओव्हिजिलन्स’ कार्यक्रम भारतात सुरू झाला जुलै २०१५ मध्ये. वैद्यकीय उपकरणांचे स्वतंत्र नियम लागू झाले १ जानेवारी २०१८ पासून. त्याआधी काय होत होतं, त्याचं उदाहरण म्हणजे खुब्याचा तो सदोष सांधा. २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत बोलावला, पण भारतातल्या रुग्णांच्या भरपाईचं सरकारी सूत्र ठरायला २०१८ चं वर्ष संपत आलं. तोवर अनेक रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता. ज्याच्याकडे कागद नाही, त्याच्यासाठी कुणी भांडू शकत नाही.

मग हे यंत्र फसवं आहे का? मला तसं वाटत नाही. ऑपरेशननंतरही पायात जाळ होणाऱ्या काही लोकांना त्याने झोप दिली आहे, चालतं केलं आहे. फाटकाचा सिद्धांतही भोंदूगिरी नाही. पण ‘मणक्यात गॅप’ म्हणणाऱ्या प्रत्येकासाठी ते नाही, आणि जमीन विकून घेण्याइतका भक्कम पुरावा त्याच्या पाठीशी आज नाही.

तरीही तुमच्या घरात कुणाला हे सुचवलं गेलं, तर एवढं विचारा. दुखणं कंबरेचं आहे की पायात उतरणाऱ्या नसेचं? आधी आठवडाभर तात्पुरती तार बसवून चाचणी घेणार का, आणि आराम नाही पडला तर यंत्र नाही, हे लिहून देणार का? बॅटरी किती वर्षं चालेल, बदलायचा खर्च कोण करणार? यंत्र असताना एमआरआय करता येईल का? तार सरकली तर दुरुस्ती कुठे, याच हॉस्पिटलात की मुंबई-पुण्यात? बसवलंच तर यंत्राचा नंबर असलेलं कार्ड सातबाऱ्याइतकं जपून ठेवा. आणि पायातली ताकद अचानक गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर यंत्रबिंत्र विसरा, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तिथे वेळ दवडला तर पाय कायमचे जाऊ शकतात.

आपल्या भागात कुणाला हे यंत्र बसवलं असेल तर त्यांचा अनुभव ऐकायला आवडेल. आराम पडला असेल तर तोही मोकळेपणाने लिहा. डॉक्टरांची, हॉस्पिटलची नावं नकोत. किती महिने झाले, काय फरक पडला आणि किती खर्च आला, एवढं कळलं तरी पुढच्या माणसाला निर्णय घ्यायला मदत होईल.